कॉलेज बदलायचं, पण कधी?

दिवाळीची सुट्टी संपत आली की पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांच्या घरात एक वाक्य हमखास कानावर येतं. 'मला त्या कॉलेजात परत जायचं नाही.' बॅग अर्धी भरलेली असते, फराळाचे डबे बांधून ठेवलेले असतात, बाबांनी एसटीचं रिझर्व्हेशन केलेलं असतं. आई विचारते, कोणी काही बोललं का रे? बाबा विचारतात, भरलेल्या फीचं काय? आणि नेमकं काय बिनसलंय हे स्वतःलाच धड न कळलेला मुलगा सगळ्यांत सोपं उत्तर देतो, 'तिथे काही शिकवतच नाहीत.'

त्या रात्री निर्णय घेऊ नका. पण ते वाक्य उडवूनही लावू नका. पदवीला असताना कॉलेज किंवा विद्यापीठ बदलणं हे आपल्याकडे अजूनही घरातून पळून जाण्यासारखं मानलं जातं. 'एकदा घेतली ना ॲडमिशन, आता निभावून ने.' पूर्वी या सल्ल्यात व्यवहार होता, कारण बदली म्हणजे वर्ष बुडणं ठरलेलंच असायचं. आज नियम बरेच बदललेत, वाट मोकळी झाली आहे, पण ती वर्षभर उघडी नसते. माझं मत आधीच सांगून टाकतो. तीन वर्षांच्या पदवीत विद्यापीठ बदलायची खरी वेळ एकच, पहिलं वर्ष संपल्यावर आणि दुसरं सुरू होण्याआधी. त्याआधी घाई होते, त्यानंतर उशीर होतो. याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आधी कारण पाहू. माझ्याकडे समुपदेशनाला येणारी मुलं कारणांची लांबलचक यादी आणतात. मेस वाईट, होस्टेलला पाणी नाही, सर वाचून दाखवतात, मित्र सगळे पुण्यात, प्लेसमेंट नाही, गाव लहान. मी एकच करायला सांगतो. यादीतली जी कारणं नव्या ठिकाणीही जशीच्या तशी राहतील, त्यांवर काट मारा. वाचून दाखवणारे प्राध्यापक पुण्यात नाहीत असा कोणाचा समज असेल, तर तो एकदा पुण्यात बसून दूर करून घ्यावा. मेस सगळीकडे सारखीच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात इंग्रजी लेक्चरं डोक्यावरून जातात, ती मोठ्या शहरात आणखी वरून जातील. काट मारून झाल्यावर जे उरेल, त्याचं नाव घेता आलं पाहिजे. विषय, प्रयोगशाळा, शाखा, घरापासूनचं अंतर, प्रकृती, पैसे. 'तिथलं वातावरण चांगलं आहे' हे कारण नाही, ती ऐकीव माहिती आहे.

बार्शीकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, संख्याशास्त्र, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं. तिच्या यादीतली बहुतेक कारणं काट मारताना गेली. एक उरलं. 'सर, आमचं स्टॅटचं प्रॅक्टिकल अजून कॅल्क्युलेटर आणि जर्नलवर चालतं. पुण्यातल्या त्या कॉलेजात ते आर आणि पायथनवर घेतात. मला पुढे डेटाचं काम करायचंय.' वडिलांचा चेहरा तोवर 'पोरीला पुण्याचं वेड लागलंय' असाच होता. त्यांनी विचारलं, हे आर म्हणजे काय? ती सांगत गेली आणि ते ऐकत राहिले. बापलेकीत या विषयावर झालेलं पहिलं खरं बोलणं बहुधा तेच असावं. असं एक कारण पुरेसं असतं. दहा कच्च्या कारणांची बेरीज मात्र एका पक्क्या कारणाइतकी होत नाही.

आता पहिलंच वर्ष का, ते पाहू. यामागे गणित आहे आणि पालकांनी ते कागदावर मांडून पाहावं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आपल्या राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत पदवीला लागू झालं. या रचनेत बहुतेक ठिकाणी एका सत्राला २२ क्रेडिट असतात. म्हणजे वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. हे क्रेडिट जमा होतात ते ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, ज्याला सगळे एबीसी म्हणतात. यूजीसीने त्याचे नियम जुलै २०२१ मध्ये आणले. जमा झालेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. पण याच नियमांत एक अट आहे, जिच्याकडे मुलांचं लक्ष जात नाही. जी संस्था तुम्हाला पदवी देणार, तिथून निम्मे तरी क्रेडिट मिळवलेले असले पाहिजेत.

आता मांडा गणित. १३२ चे निम्मे ६६. पहिलं वर्ष करून गेलात तर नव्या ठिकाणी ८८ क्रेडिट कराल, अटीत आरामात बसाल. तिसरं सत्र संपवून गेलात तर मागे ६६ आणि पुढे ६६, अगदी काठावर. आणि दुसरं वर्ष पूर्ण करून गेलात तर पुढे उरतात फक्त ४४. म्हणजे अट मोडली. नव्या विद्यापीठाने तुम्हाला सामावून घ्यायचं ठरवलंच, तरी तुमचं काही शिक्षण तिथे पुन्हा करून घ्यावं लागेल, आणि 'वर्ष वाचवायचं' म्हणून निघालेला मुलगा वर्ष घालवून बसेल. चार वर्षांचं ऑनर्स करणाऱ्याला थोडी मोकळीक आहे. १७६ चे निम्मे ८८, दोन वर्षं मागे आणि दोन पुढे. पण तिथेही दोन वर्षांनंतरची बदली काठावरचीच.

दुसरं कारण विषयांचं. कला आणि विज्ञान शाखांत बऱ्याच विद्यापीठांत आता पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकायचे आणि दुसऱ्या वर्षात त्यांतला एक मेजर, एक मायनर निवडून तिसरा सोडायचा, अशी व्यवस्था आहे. म्हणजे पहिल्या वर्षाच्या शेवटी तुम्ही तसेही एका वळणावर उभे असता. तेव्हा बदल केला तर मेजर पहिल्यापासून नव्या ठिकाणी सुरू होतो. नंतर केला तर मेजरचे अर्धे पेपर इथले आणि अर्धे तिथले होतात, आणि ते एकमेकांना जुळत नाहीत.

पहिल्या वर्षाच्या मध्येच, म्हणजे एका सत्रानंतर जाऊ नये का? नियमात कुठे कुठे वाट सापडेल. पण मी सहसा नको म्हणतो. पहिल्या सत्राचा निकाल हा मुलाच्या बुद्धीचा निकाल नसतो. नवं गाव, नवी भाषा, सीजीपीएची नवी पद्धत, स्वतःचे कपडे स्वतः धुणं, हे सगळं त्या मार्कांत मिसळलेलं असतं. डिसेंबरात रडणारी अनेक मुलं मार्चमध्ये गॅदरिंगच्या कमिटीत असतात. दुसरं सत्र सुरू होऊन महिना-दीड महिना झाल्यावर पुन्हा विचारा. तेव्हाही तेच एक कारण त्याच शब्दांत पुढे आलं, तर ते खरं.

आता अपवाद. रॅगिंग, छळ, मुलीला असुरक्षित वाटणं, जातीवरून होणारा त्रास, प्रकृती ढासळणं, आणि मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या जिवाचं काही करून घेण्याची भाषा बोलणं, यांपैकी कशालाही वरचं वेळापत्रक लागू नाही. त्याच दिवशी मुलाला घरी आणा. क्रेडिट नंतर बघू. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६. तक्रार लेखी करा, तिची पोच घ्या. 'नाव खराब होईल' म्हणून गप्प बसणाऱ्या पालकांना मी एवढंच विचारतो की नाव कोणाचं खराब होतंय? पहिलं वर्ष पूर्ण करून सोडावं लागलं तर ते वर्षही वाया जात नाही. ४४ क्रेडिट आणि त्याला जोडून चार क्रेडिटचं कौशल्याचं काम पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं, आणि तीन वर्षांत परत येऊन सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करता येते.

वेळ ठरली, कारण ठरलं, की कामाला लागायचं. सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम म्हणजे दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचणं. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ते असतात. त्या बार्शीच्या मुलीने दोन्हींच्या प्रती काढून आणल्या होत्या. टेबलावर पसरून, पेन्सिलने, एकेका पेपरला खूण करत आम्ही बसलो. गणिताचे पेपर नावाने वेगळे पण मजकुराने जवळजवळ तेच. संख्याशास्त्रात एक प्रकरण इकडे पहिल्या सत्रात, तिकडे दुसऱ्यात, म्हणजे अडचण नाही. पण तिचा तिसरा विषय इलेक्ट्रॉनिक्स, आणि नव्या कॉलेजात त्या गटात तिसरा विषय होता संगणकशास्त्र. तिथे पेन्सिल थांबली. इलेक्ट्रॉनिक्सचे क्रेडिट तिच्या खात्यात राहणार होते, पण संगणकशास्त्राचे पहिल्या वर्षाचे पेपर तिला तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात जादा द्यावे लागणार होते. पुढे तिने ते दिले. सोपं गेलं नाही. दुसऱ्या वर्षी तिला दिवाळीचीही सुट्टी धड मिळाली नाही. पण हे होणार हे तिला जूनमध्येच ठाऊक होतं, ऑक्टोबरमध्ये कळलं नाही. फरक एवढाच असतो, आणि तो फार मोठा असतो.

या तुलनेला विद्यापीठाच्या भाषेत इक्विव्हॅलन्स म्हणतात. शेवटचा शब्द नव्या विद्यापीठाच्या समितीचा. 'कॉलेजने सांगितलं होईल' याला अर्थ नाही. कॉलेजच्या खिडकीवर बसलेला माणूस मनापासून मदत करत असला, तरी पात्रता ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. म्हणून आधी तात्पुरती का होईना, एलिजिबिलिटी कागदावर घ्यावी.

एटीकेटी घेऊन निघालेल्यांसाठी वाईट बातमी आहे. स्वतःच्या विद्यापीठात दोन विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षात जाता येतं. दुसरं विद्यापीठ मात्र बहुतेक वेळा पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं मागतं. बदली करायची असेल तर दुसऱ्या सत्राची परीक्षा हीच खरी प्रवेशपरीक्षा समजा. शिवाय निकाल वेळेवर लागला पाहिजे, जे आपल्या हातात नाही. मुंबई विद्यापीठाचे २०१७चे निकाल ऑनलाइन मूल्यांकनाच्या घोळात महिनोन्‌महिने रखडले होते, आणि पुढच्या प्रवेशांसाठी ताटकळलेली मुलं अनेक घरांना अजून आठवत असतील. निकाल लांबणार असं दिसलं तर नव्या कॉलेजला लेखी कळवून मुदत मागावी. फोनवर दिलेल्या शब्दाचा उपयोग नसतो.

इथवरचं सगळं प्रामुख्याने कला, विज्ञान, वाणिज्य शाखांबद्दल झालं. व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शास्त्र वेगळं.

इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षानंतर कॉलेज बदलता येतं, पण रिकाम्या जागेवर. जागा, दोन्ही संस्थांची ना-हरकत आणि विद्यापीठाची मान्यता, हे तीनही जुळावं लागतं. आणि ज्या रिकाम्या जागेवर तुमची नजर असते, तिच्यावर थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या डिप्लोमावाल्यांचीही असते, कारण पहिल्या वर्षी न भरलेल्या जागा त्यांच्या प्रवेशात जमा होतात. साहजिकच नावाजलेल्या कॉलेजात मागणीच्या शाखेची जागा शिल्लक राहणं विरळाच. जिथे सहज मिळते, तिथे ती का रिकामी राहिली हा प्रश्न आधी विचारावा. काही मुलांना खरं तर कॉलेज नव्हे, शाखा बदलायची असते. मेकॅनिकल मिळालं, मन कॉम्प्युटरमध्ये. अशांनी आधी स्वतःच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून मिळते का ते पाहावं. त्यात होस्टेल, विद्यापीठ, मित्र काहीच सुटत नाही. आयआयटीत प्रवेश घेणाऱ्यांनी मात्र 'नंतर ब्रँच बदलू' या भरवशावर राहू नये. काही आयआयटींनी ती सोय अलीकडे बंद केली आहे, आणि एका आयआयटीतून दुसऱ्या आयआयटीत बदली हा प्रकार नसतोच.

तिसऱ्या वर्षाला कॉलेज बदलू पाहणारे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी भेटतात, त्यांच्या डोक्यात प्लेसमेंट असते. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कंपन्या येऊ लागतात. तोवर नव्या कॉलेजात तुमचा एखाद-दुसरा निकाल लागलेला असतो, प्रकल्पाला गट मिळालेला नसतो, प्लेसमेंट सेलमधला कोणी तुम्हाला ओळखत नसतो. हा सौदा तोट्याचा.

एमबीबीएसबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमावलीने एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाण्याची सोय काढून टाकली. कोर्टकचेरीच्या आशेवर प्रवेश घेऊ नका. जिथे पहिल्या दिवशी जाल, तिथेच साडेपाच वर्षं राहायचंय असं धरून पसंतीक्रम भरा. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानला मुलं पाठवणाऱ्या पालकांनी तर दुप्पट सावध राहावं. आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशातलं किमान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत झालेली असावी लागते. 'हे विद्यापीठ आवडलं नाही तर तिकडे गेल्यावर बदलून देतो' असं सांगणारा एजंट तुमच्या मुलाचा भारतातला परवाना पणाला लावत असतो.

आता पैशाकडे वळू, कारण बाबांचा प्रश्न अजून तिथेच उभा आहे. प्रवेशाच्या हंगामातच मन बदललं तर यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेत परताव्याचे टप्पे दिलेले आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी, त्यानंतर पण तारखेच्या आत रद्द केलं तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यापुढे शून्य. वर्ष पूर्ण करून जाणाऱ्याला फीचा परतावा नाही, पण डिपॉझिट परत मिळतं, ते मागायला लाजू नये. मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याला याच अधिसूचनेत मनाई आहे. 'उरलेल्या वर्षांची फी भरा, मगच दाखला' असं काही खासगी संस्था सांगतात. तंत्रशिक्षणातल्या संस्थांना एआयसीटीईने तसं करायला बंदी घातलेली आहे. असं कोणी म्हणालं तर भांडू नका. 'हे लेटरहेडवर लिहून द्या' म्हणा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

शिष्यवृत्तीचा हिशोब स्वतंत्र करा. महाडीबीटीवर दरवर्षी होणारं नूतनीकरण कॉलेज आणि अभ्यासक्रमाशी जोडलेलं असतं. ते बदललं की अर्जाचा प्रकार बदलतो, आणि मधल्या काळात फी खिशातून भरावी लागू शकते. मुलींसाठी तर हे आणखी महत्त्वाचं. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, पण ती सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला आहे. कॅपमधून मिळालेली जागा सोडून दुसरीकडे संस्थास्तरावरच्या जागेवर जाणार असाल, तर सवलत टिकते का हे नव्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातून आधी लेखी घ्या. चांगल्या कॉलेजच्या नादात लाखाची माफी गमावल्याचं नंतर कळलं, तर घरात वर्षभर तोच विषय चालतो.

कागदपत्रांचा क्रम चुकला की सगळं चुकतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. पहिली पायरी एबीसी खात्याची. डिजिलॉकर उघडून पाहा, तुमच्या कॉलेजने पहिल्या सत्राचे क्रेडिट चढवलेत का. अनेकदा चढवलेले नसतात, आणि ते चढवून घ्यायला परीक्षा विभागाच्या चकरा माराव्या लागतात. नावाचं स्पेलिंग आधारवर एक, मार्कशीटवर दुसरं, हा घोटाळाही इथेच सापडतो. मग नव्या ठिकाणी अर्ज, अभ्यासक्रमाची तुलना, तात्पुरती पात्रता. मग जुन्या कॉलेजकडून ना-हरकत. आणि नव्या ठिकाणी प्रवेश पक्का झाल्याचं हातात आल्यावरच टीसी, आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन. टीसी आधी काढणारी मुलं दरवर्षी भेटतात. जुन्या कॉलेजातली जागा गेलेली, नवी मिळालेली नाही, आणि जुलै अर्धा उलटलेला. मायग्रेशनची मूळ प्रत नव्या विद्यापीठाकडे जमा होते, तेव्हा तिच्या दोन-तीन प्रती साक्षांकित करून ठेवाव्यात. पुढे परदेशी एम.एस.ला अर्ज करताना जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट मागतात, म्हणून जुन्या विद्यापीठाचा पीआरएन नंबर कुठेतरी लिहून ठेवा.

इतकं करण्याऐवजी दुसरी वाट आहे का? बऱ्याच वेळा असते, आणि ती मला जास्त आवडते. ज्या मुलाची तक्रार एका-दोन विषयांपुरती आहे, त्याने विद्यापीठ कशाला बदलायचं? स्वयमवरचे अभ्यासक्रम आहेत, आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेले. यूजीसीच्या नियमांनी एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घ्यायची मुभा कॉलेजांना दिली आहे. तुमचं कॉलेज ती देतं का, हे प्राचार्यांना चार मित्रांसह जाऊन विचारा. एकटा विद्यार्थी गेला की अर्ज फायलीत जातो. शिवाय २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करता येतात, त्यांतली एक दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइनही चालते. बी.कॉम. करता करता आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्सला असलेली मुलं आता तालुक्याच्या गावीही सापडतात.

आणि दुसरं वर्ष संपलेल्यांनी तर माझं ऐकाच. थांबा. एका वर्षात पदवी हातात येईल. त्यानंतर एम.एस्सी.साठी जॅम, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी, राज्यात एमबीए आणि लॉच्या सीईटी. या दारांत तुम्ही कुठून आलात हे कोणी विचारत नाही, गुण विचारतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी बदलीच्या धावपळीत घालवलेला वेळ एका चांगल्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत घालवला, तर मिळणारं विद्यापीठ बदलीने मिळालेल्यापेक्षा पुष्कळ वरचं असतं. स्पर्धा परीक्षावाल्यांनी तर निश्चिंत राहावं. यूपीएससीला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, विद्यापीठाच्या नावाला गुण नसतात.

याउलट, अभ्यासक्रमच पूर्ण चुकला असेल, मुलाला वाणिज्य नको, इतिहास हवा असेल, तर बदलीच्या खटपटीपेक्षा पहिल्या वर्षापासून नवी सुरुवात बरी. सीयूईटीला वयाची अट नाही. एक वर्ष गेलं म्हणून रडण्यासारखं काही नाही. तसं पाहिलं तर नको असलेल्या विषयात अख्खं आयुष्य काढणारे नातेवाईक प्रत्येकाच्या घरात दोन-चार असतातच.

पालकांना एक विनंती. ही चर्चा लग्नाच्या मांडवात, काका-मामांसमोर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करू नका. शेजारच्या मुलाची बदली झाली म्हणून आपल्याही मुलाची व्हावी किंवा होऊ नये, असं काही नसतं. मुलाला विचारा, ऐका आणि मग कागद मागा. दोन अभ्यासक्रम, एबीसी खात्याचा उतारा, खर्चाचा अंदाज. तिन्ही कागद त्याने स्वतः काढून आणले तर त्याला खरंच जायचंय. आठवडाभर ते येत नसतील, तर बहुधा प्रश्न कॉलेजचा नाही, तेव्हा बोलणं दुसऱ्याच विषयावर व्हायला हवं. आणि तो गेलाच, तर 'तूच म्हणाला होतास' हे वाक्य पुढची दोन वर्षं तोंडातून काढू नका.

चौकशीला लागायची वेळ फेब्रुवारी-मार्च. तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात गर्दी नसते, क्लार्कला बोलायला वेळ असतो, आणि रिकाम्या जागा किती होतील याचा अंदाज तो खुर्चीत बसल्या बसल्या देतो. जूनमध्ये त्याच खिडकीसमोर शंभर जण असतात.